शिकण्या-शिकवण्याची पुस्तके : काय करावे, काय टाळावे

जून जवळ आला की शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘प्रत्येक शिक्षकाने वाचलीच पाहिजेत’ अशा पुस्तकांच्या याद्या फिरू लागतात. याद्या बहुधा बऱ्या असतात. पण यादी जपून ठेवली की वाचल्यासारखे वाटते, आणि वाचले की शिकवण्यात फरक पडल्यासारखे वाटते. शिकवण्यावरचे पुस्तक वर्गात करून पाहावे लागते आणि अभ्यासावरचे पुस्तक मिटून आठवावे लागते. खालच्या सगळ्या सूचना एवढ्याच मुद्द्याभोवतीच्या आहेत. निवड माझी आहे, त्यामुळे आवडीनिवडी लपणार नाहीत.

शिक्षकांसाठी

करावे : आधी अडचण ठरवावी, मग पुस्तक. ‘मला चांगला शिक्षक व्हायचे आहे’ ही अडचण नव्हे. ‘तिसरीतल्या काही मुलांना जोडाक्षरे वाचता येत नाहीत’, ‘आठवीची मुले शाब्दिक उदाहरण पूर्ण न वाचताच बेरीज-वजाबाकी सुरू करतात’, ‘सोमवारी शिकवलेले शुक्रवारी कोणालाच आठवत नाही’ या अडचणी. अशी एक अडचण वहीत लिहून मगच पुस्तकांकडे वळा. वाचन-लेखन अडत असेल तर कृष्णकुमार यांचे मुलांच्या भाषेवरचे छोटे पुस्तक. ते मराठीतही आहे आणि दोन-तीन बैठकांत संपते. गणित अडत असेल तर जॉर्ज पोल्या यांचे ‘हाउ टू सॉल्व्ह इट’. मुले शाळेतच येत नसतील तर अनुताई वाघ. अडचण न ठरवता वाचले की पानापानावर ‘वा!’ म्हणून होते आणि दुसऱ्या दिवशीचे टाचण कालच्यासारखेच निघते.

करावे : एकच वाचायचे तर ‘दिवास्वप्न’. गिजुभाई बधेका यांचा वकिलीचा व्यवसाय होता. तो सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत शिक्षक झाले आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू केले. ‘दिवास्वप्न’ ही त्यांची कथा आहे. एक माणूस शिक्षणाधिकाऱ्याकडून प्रयोगासाठी चौथीचा एक वर्ग मागून घेतो आणि वर्षभर तो चालवतो, एवढेच कथानक.

पुस्तकाचा पहिलाच दिवस मला सर्वांत मोलाचा वाटतो. हा शिक्षक मोठी तयारी करून येतो, मुलांना शांततेचा खेळ खेळायला लावतो, आणि वर्गात गोंधळ माजतो. कोणी टाळ्या पिटते, कोणी चित्रविचित्र आवाज काढते. शेवटी तो मुलांना सुटी देऊन टाकतो आणि वर साहेबांची बोलणी खातो. दुसऱ्या दिवशी तो राजाराणीची गोष्ट सांगायला बसतो, आणि तीच मुले चिडीचूप. त्याच्याकडे काही विशेष शक्ती आहे असे लेखक कुठेच भासवत नाही. शिक्षक चुकतो आणि चुकल्यावर काय बदलतो, हे मात्र तो दाखवतो. शिक्षणावरच्या फार थोड्या पुस्तकांत फसलेला तास इतक्या मोकळेपणाने येतो.

त्यात वर्गाच्या ग्रंथालयाचाही प्रसंग आहे. प्रत्येकाने तेच ते पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजी त्या पैशांत वेगवेगळी पुस्तके आणायची, ही कल्पना आज नियमांत बसणार नाही. पण त्यामागचा विचार बसतो : तीस मुलांकडे तीस वेगळी पुस्तके असली, तर मुले ती एकमेकांकडे मागतात.

टाळावे : ‘तोत्तोचान’ वाचून हळवे होणे आणि तिथेच थांबणे. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे पुस्तक १९८१ मध्ये जपानमध्ये आले आणि नॅशनल बुक ट्रस्टच्या मराठी अनुवादामुळे आपल्याकडे शिक्षकांच्या घरोघरी पोचले. रेल्वेच्या डब्यांत भरणारी तोमोई शाळा, पहिलीतच शाळेतून काढलेली मुलगी, तिचे बोलणे काही तास मन लावून ऐकणारे मुख्याध्यापक कोबायाशी. वाचताना डोळे पाणावतात आणि मग शिक्षक सुस्कारा टाकून म्हणतो, ‘आपल्याकडे कसलं जमतंय.’

त्या सुस्काऱ्यात तथ्य आहे. तोमोईच्या सगळ्या शाळेत मिळून पन्नासच्या आसपास मुले होती. आपल्याकडे कित्येक ठिकाणी तेवढी एका वर्गात असतात. म्हणून डबे, सहली आणि संगीत बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट उचला : ऐकणे. रोज एका मुलाला मधल्या सुटीत पाच मिनिटे, आपण मध्ये न बोलता. पटावर चाळीस मुले असतील, तर दोन महिन्यांत सगळ्यांची पाळी येऊन जाते. त्यासाठी परिपत्रक लागत नाही.

करावे : मराठी मातीतली पुस्तके आधी वाचावीत. परदेशी लेखकाचे नाव असले की पुस्तक भारदस्त वाटते, हा आपला जुना आजार. अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ घ्या. ताराबाई मोडक गिजुभाईंबरोबर भावनगरला काम करून आल्या, १९४५ मध्ये अनुताईंना बरोबर घेऊन त्यांनी बोर्डीला काम उभे केले, आणि पुढे ते कोसबाडच्या वारली वस्तीत गेले. मूल शाळेत येत नाही. का येत नाही? धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते, गुरे चारायची असतात. मग शाळाच अंगणात गेली, कुरणात गेली. ‘गळती’ हा शब्द अहवालात लिहिताना आपण पोराच्या घरची दिनचर्या कधी विचारली का, हे हे पुस्तक वाचताना टोचत राहते.

लीला पाटील यांनी अध्यापक महाविद्यालयातील नोकरीनंतर १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले. त्यांचे ‘शिक्षण देता घेता’ आणि ‘ऐलमा पैलमा शिक्षणदेवा’ यांत रोजच्या वर्गाचे तपशील आहेत. त्यांची भाषा कधी कधी फार उत्साही होते, तेवढे सोसा. नामदेव माळी यांचे ‘शाळाभेट’ महाराष्ट्रातल्या चांगल्या चाललेल्या शाळांकडे नेते. हेरंब कुलकर्णी यांचे ‘शाळा आहे, शिक्षण नाही’ आदिवासी भागातील शाळांची उलटी बाजू दाखवते. ही दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत. नुसते पहिले वाचले तर सगळे छान चालले आहे असे वाटते, नुसते दुसरे वाचले तर हातपाय गळतात.

टाळावे : अनुभवकथनाला पद्धत समजणे. एका शाळेत एका शिक्षकाला जे साधले ते सांगणारे पुस्तक उमेद देते. ते तुमच्या वर्गात साधेलच याचा पुरावा त्यात नसतो.

करावे : ‘प्रिय बाई’ वाचून चिठ्ठ्यांचा प्रयोग करून पाहावा. इटलीत फ्लोरेन्सच्या उत्तरेला डोंगरात बार्बियाना नावाची वस्ती आहे. तिथे लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने शेतकऱ्यांच्या, नापास होऊन शाळेबाहेर पडलेल्या मुलांसाठी शाळा चालवली. त्यातल्या आठ मुलांनी मिळून नापास करणाऱ्या बाईंना लिहिलेले पत्र म्हणजे हे पुस्तक. ते १९६७ च्या मे महिन्यात निघाले आणि जूनमध्ये मिलानी वारले. पत्रात राग आहे, त्याच्या जोडीला आकडेवारीही आहे : नापास होणारी मुले कोणाची? शेतकऱ्यांची आणि मजुरांची. डॉक्टरांची नव्हेत.

मुलांनी हे पत्र कसे लिहिले, तेही त्यांनी सांगितले आहे, आणि शिक्षकाला ते फुकट मिळालेले साहित्य आहे. ज्याला जे सुचेल ते त्याने वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचे. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. मग सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, सारख्या असतील त्या बाजूला काढायच्या, जुळणाऱ्यांचे गठ्ठे करायचे, गठ्ठ्यांचा क्रम लावायचा. त्यानंतर लिहायचे आणि शेवटी प्रत्येक अनावश्यक शब्द काढून टाकायचा. सातवीच्या वर्गात ‘माझा आवडता ऋतू’ या निबंधाऐवजी ‘आपल्या गावात पाणी कधी येते?’ हा विषय या पद्धतीने घेऊन पाहा. पावसाळ्याचे ठरावीक वर्णन एकाही वहीत येणार नाही.

करावे : घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांसाठी सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या या बाईंचे ‘टीचर’ १९६३ चे. त्या मुलाला विचारत, ‘आज तुला कोणता शब्द हवा?’ मूल सांगेल तो शब्द एका जाड कार्डावर लिहून त्याला देत. दुसऱ्या दिवशी त्याने तो ओळखला तर कार्ड त्याचे; नाही ओळखला तर तो शब्द त्याच्या मनातला नव्हताच असे समजून कार्ड टाकून देत. मुले भीतीचे, प्रेमाचे, भांडणाचे शब्द मागत, आणि ते एका नजरेत वाचायला शिकत. धारणीतल्या कोरकू मुलासमोर किंवा अक्कलकुव्यातल्या भिल्ल मुलासमोर आपण पहिल्याच दिवशी प्रमाण मराठीची बाराखडी ठेवतो. अशा भागांतल्या शिक्षकांनी हे पुस्तक बाकी सगळ्यांच्या आधी वाचावे. मुलाने कोरकू शब्द मागितला तर कोरकूच लिहून द्यावा, देवनागरीत.

टाळावे : ‘वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के, केलेले ९० टक्के लक्षात राहते’ ही स्लाइड. प्रशिक्षणांत ती इतक्यांदा दाखवली जाते की ती खरी वाटू लागली आहे. खाली बहुधा एडगर डेल यांचे नाव असते. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू मांडला हे खरे, पण त्यात टक्केवारी नव्हती. ती पुढे कोणीतरी चिकटवली. आकडे इतके गोल आहेत, यावरूनच शंका यायला हवी होती.

हीच गोष्ट ‘हे मूल बघून शिकते, ते ऐकून शिकते’ या वर्गवारीची. २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचे संशोधन तपासले. मुलाच्या ठरवलेल्या शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो, असे म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात, पूर्वतयारी तर फारच वेगळी असते. पण नकाशा ऐकून समजत नाही आणि कवितेची लय बघून समजत नाही. कसे शिकवायचे ते मुख्यतः विषयाने ठरते. ज्या पुस्तकात पहिल्या प्रकरणातच मेंदूचा डावा-उजवा भाग आणि तीन शैलींची प्रश्नावली आहे, ते शिक्षकाने निर्धास्तपणे परत ठेवावे.

करावे : इंग्रजी वाचायची तयारी असेल तर डॅनियल विलिंगहॅम. व्हर्जिनिया विद्यापीठातील या मानसशास्त्रज्ञाचे ‘व्हाय डोन्ट स्टुडंट्स लाइक स्कूल?’ २००९ मध्ये आले. त्यातली एक कसोटी मी कुठलाही उपक्रम पाहताना वापरतो : या तासात मूल नेमका कशाचा विचार करील? ज्याचा विचार करील तेच लक्षात राहील. त्यातलेच उदाहरण : पळून जाणाऱ्या अमेरिकन गुलामांच्या गुप्त वाटांवरचा धडा होता, आणि शिक्षकाने मुलांना त्या गुलामांच्या आहारातली बिस्किटे भाजायला लावली. मुलांनी वेळ कशात घालवला? पीठ मोजण्यात.

आता आपले थर्माकोलचे किल्ले आठवा. मूल शनिवार-रविवार फेव्हिकॉल, रंग आणि बुरुजाचा कोन यांचा विचार करते, तेही अनेकदा आई-बाबांच्या हातांनी. हा किल्ला डोंगराच्या याच नाकावर का बांधला, पाणी कुठून यायचे, शत्रू कुठून चढला असता, यातले काहीही त्याच्या मनात येत नाही. किल्ला जरूर करा. आधी हे प्रश्न विचारा आणि उत्तरे किल्ल्यात दाखवायला सांगा.

करावे : जोतीराव फुल्यांचे हंटर आयोगापुढचे निवेदन वाचावे. १९ ऑक्टोबर १८८२ ची तारीख असलेले हे निवेदन काही पानांचेच आहे आणि समग्र वाङ्मयात सापडते. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. शिक्षक प्रशिक्षित हवा आणि त्याचा पगार दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी नको. अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब, शेतीची तोंडओळख आणि आरोग्यही हवे. धोरणाची जाडजूड पुस्तके चाळण्याआधी हे वाचले, तर त्यांतले किती मुद्दे नवे आहेत ते नीट कळते.

टाळावे : टीईटीच्या गाइडपुरते मानसशास्त्र. तीस प्रश्नांसाठी पियाजेच्या चार अवस्था आणि व्हायगॉट्स्कीचे नाव पाठ होते, परीक्षा संपली की विरते. परीक्षेसाठी गाइड वापरायलाच हवे, त्यात लाज नाही. निकाल लागल्यावर मात्र दोघांपैकी एकाची एखादी कल्पना आपल्या पहिलीच्या वर्गात तपासून बघा. तेवढेच पाणी उंच आणि पसरट भांड्यात ओतून ‘जास्त कुठे?’ असे सहा वर्षांच्या मुलाला विचारायला दोन पेले पुरतात.

टाळावे : एका वेळी पाच पुस्तके उघडणे. एका सत्राला एक.

विद्यार्थ्यांसाठी

करा : धडा वाचून झाला की पुस्तक मिटा आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. अभ्यासावर शंभर पुस्तके निघाली आहेत. त्यांतल्या खऱ्याखुऱ्या उपयोगी सल्ल्यांत हा सर्वांत वर आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग असा : काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार बैठकांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्यांनी एका बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला छान लक्षात राहील अशी जास्त खात्री कोणाला होती? पुनःपुन्हा वाचणाऱ्यांना.

परीक्षेच्या आदल्या रात्री धडा ओळखीचा वाटतो आणि प्रश्नपत्रिका हातात आल्यावर काही सुचत नाही, त्याचे कारण हेच. याच रोडिगर यांनी दोघांबरोबर लिहिलेले ‘मेक इट स्टिक’ (२०१४) कॉलेजात असाल तर वाचा. दहावीत असाल तर या परिच्छेदावर काम भागते.

टाळा : पिवळ्या पेनाने पान रंगवणे. डनलॉस्की आणि चौघा सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. अधोरेखन आणि पुनर्वाचन या दोन्ही कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास थोडा थोडा करून दिवसांत वाटणे या सर्वांत उपयोगी. रेघा मारायच्याच असतील, तर धडा मिटून आठवल्यानंतर जे सुटले होते तेवढ्याखाली मारा.

करा : गणिताची भीती असेल तर बार्बरा ओकली. शाळेत गणित-विज्ञानात नापास होणारी ही बाई सैन्यात जाऊन रशियन भाषा शिकली आणि पुढे अभियांत्रिकीची प्राध्यापक झाली. ‘अ माइंड फॉर नंबर्स’ (२०१४) सोप्या इंग्रजीत आहे. उदाहरण अडले की त्याच्यापुढे डोके आपटत बसण्यापेक्षा थोडे फिरून येणे का चालते, हे ती पटवून देते. फिरून आल्यावर मोबाइल हातात घ्यायचा नाही, हेही.

करा : जॉर्ज पोल्या यांचे ‘हाउ टू सॉल्व्ह इट’ (१९४५) शिक्षकांकडून मागून घ्या. सगळे वाचायची गरज नाही. काय काढायचे आहे, काय दिले आहे, असे उदाहरण आधी कधी पाहिले होते का, आणि उत्तर आल्यावर ते तपासता येईल का, एवढे प्रश्न वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवा. शेवटचा प्रश्न सगळे टाळतात. गुणही तिथेच जातात.

टाळा : टॉपरांची ‘यशाची गुरुकिल्ली’. अभ्यासिकेत बसणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर एक असते. पहिल्या आलेल्याने पहाटे चारला उठून अभ्यास केला, हे खरे असेल. पहाटे चारला उठूनही जे आले नाहीत, त्यांचे पुस्तक कोणी छापत नाही.

टाळा : मार्चमध्ये अभ्यास कसा करावा यावरचे पुस्तक सुरू करणे. ती अभ्यासापासूनची पळवाट आहे. मे महिन्यात वाचा.

करा : परीक्षेशी संबंध नसलेले काहीतरी रोज. ‘किशोर’ मासिक बालभारती १९७१ पासून काढते आणि त्याचे जुने अंक महाजालावर फुकट वाचता येतात. शब्दसंग्रह वाढवण्यासाठी शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

पुस्तके कुठून आणावीत, कशी फिरवावीत

करावे : अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर शिक्षण आणि विज्ञानाची मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तके मोफत उतरवून घेता येतात, खेडेगावातल्या शिक्षकासाठी यापेक्षा सोपा मार्ग नाही. हिंदी वाचता येत असेल तर भोपाळच्या एकलव्यची प्रकाशने पाहावीत. जॉन होल्ट यांचे मुले नापास का होतात यावरचे पुस्तक त्यांनी हिंदीत आणले आहे. शिक्षकांनी मिळून वर्गणी काढावी आणि ‘शैक्षणिक संदर्भ’ व ‘पालकनीती’ यांतले एक तरी मागवावे.

करावे : केंद्राच्या शिक्षण परिषदेत वीस मिनिटे मागून घ्यावीत. पुस्तकाचा परिचय नको, तो मागच्या पानावर असतो. ‘मी यातले हे एक करून पाहिले, वर्गात असे झाले’ एवढेच सांगावे. फसले असेल तर आधी ते सांगावे. केंद्रप्रमुखांना आवडले नाही तरी बाकीचे कान टवकारतात.

टाळावे : कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. पुस्तक फाटले की वसुली, या भीतीने कित्येक शाळांत पुस्तके कोरी राहतात. फाटलेले पुस्तक निर्लेखित करता येते. नोंदवही मुलांच्याच हातात द्यावी.

टाळावे : मुलाने गोष्टीचे पुस्तक परत आणले की ‘यावर दहा ओळी लिही’ असे सांगणे. पुढच्या वेळी ते सर्वांत पातळ पुस्तक नेते.